मालकांनाही शिकवावे लागेल!

वसई पूर्वेला नवघर, गोखिवरे, सातिवली, वालीव या भागांतून सकाळी फेरी मारली की जागोजागी गाळ्यांच्या दारावर पाट्या दिसतात. 'हेल्पर चाहिए', 'पॅकिंग के लिए लेडीज चाहिए', 'प्रेस मशीनवर ऑपरेटर पाहिजे'. पाटीवर पगार लिहिलेला नसतो, कामाचे तास लिहिलेले नसतात. आणखीही एक अट लिहिलेली नसते, पण ती सर्वांना ठाऊक असते. येणारा माणूस धडधाकट पाहिजे! ज्याचा एक पाय पोलिओने बारीक झाला आहे, ज्याला ऐकू येत नाही, ज्याची दोन बोटे आधीच्या कारखान्यात मशीनखाली गेली आहेत, असा माणूस दारातूनच परत जातो. त्याला कोणी शिवी देत नाही. वॉचमन नुसता हात हलवतो.

या हात हलवण्याला कायद्याच्या भाषेत भेदभाव म्हणतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम संसदेने डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर केला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. त्याच्या कलम ३ प्रमाणे केवळ अपंगत्वाच्या कारणावरून कोणालाही डावलता येत नाही. डावलायचेच असेल, तर ते एखाद्या रास्त उद्दिष्टासाठी आणि गरजेपुरतेच आहे, हे दाखवून देण्याची जबाबदारी डावलणाऱ्यावर आहे. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, या कायद्यात २१ आहेत. सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा ३ टक्क्यांवरून ४ टक्के झाल्या. हे शेवटचे पुष्कळांना माहीत असते. म्हणूनच सर्वसाधारण समजूत अशी की हा कायदा म्हणजे सरकारी नोकरीचे प्रकरण, आपल्या गाळ्याशी त्याचा काय संबंध?

संबंध आहे. कायद्यात खासगी आस्थापनेची जी व्याख्या आहे, तिच्यात कंपनी, पेढी, सहकारी संस्था, ट्रस्ट, संघटना आणि कारखाना हे सारे येतात. म्हणजे वालीवचा प्लॅस्टिकचा गाळा त्यात आला, विरारची शिक्षणसंस्था आली, आणि आपल्या समाजातील मंडळींनी चालविलेल्या पतसंस्थाही आल्या!

हा कायदा मी प्रथम वाचला तेव्हा कलम ३९ पाशी थांबलो. त्यात सरकारवर एक काम सोपवलेले आहे. अपंगत्व म्हणजे काय आणि अपंग व्यक्तींचे हक्क कोणते, याची ओळख मालकांना, प्रशासकांना आणि सोबत काम करणाऱ्यांना करून द्यावी, असे तिथे म्हटले आहे. केवळ मालकांना नव्हे, सोबत काम करणाऱ्यांनाही! कायदा लिहिणाऱ्यांना कारखाना कसा चालतो हे कळत होते, असे म्हणावे लागेल.

आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात, म्हणजे जिथे पगार बरा त्या विणकामाच्या खात्यात, घेत नसत. कारण काय? धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ इतरांना होईल! १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. मालकाला दाखवायला सवर्ण कामगारांचा विरोध होता आणि कामगारांना दाखवायला मालकाचा नियम होता. आज अपंग उमेदवाराच्या बाबतीत नेमका हाच खेळ चालतो. मालक म्हणतो, माझी ना नाही, पण लाइनवरची पोरं वैतागतील. लाइनवरची पोरं म्हणतात, शेठ घेणार नाही. मधल्या मध्ये माणूस घरी बसतो.

गाळ्यांच्या कचेरीत

आम्ही चार-पाच जण, कोणी बँकेत, कोणी शाळेत, मी एका खासगी कचेरीत क्लार्क, रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी औद्योगिक वसाहतींच्या सोसायटीच्या कचेरीत बसून मालक मंडळींशी या कायद्याबद्दल बोलत असतो. भाषण करायचे नाही, असे आम्ही प्रथमच ठरवून टाकले. भाषणाला मालक येत नाहीत, आले तर मोबाइल बघत बसतात. एक पानाचे मराठी-हिंदी टिपण आणि चहा, एवढीच सामग्री. आजवर भेटलेल्या मालकांपैकी कोणीही हा कायदा आधी ऐकलेला नव्हता. त्यांना दुष्ट म्हणण्याचे कारण नाही. बहुतेक जण स्वतः कधी काळी दुसऱ्याच्या मशीनवर उभे राहिलेले आहेत.

पहिला प्रश्न ठरलेला असतो. दंड किती? दंड पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत, आणि पुढे पुन्हा उल्लंघन झाल्यास ५०,००० पासून ५ लाखांपर्यंत. हे ऐकून कोणी फारसे घाबरत नाही. दुसऱ्या एका कलमावर मात्र कचेरीत शांतता पसरते. कलम ९२ प्रमाणे, लोकांच्या देखत अपंग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान केला किंवा तिला धमकावले, तर ६ महिने ते ५ वर्षे कैद आणि दंड. 'ए लंगड्या', 'अरे बहिऱ्या' अशा हाका कारखान्यात दिवसभर चालतात, त्या गमतीने मारल्या असे म्हणून सुटता येईलच असे नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची शब्दरचना ज्यांनी वाचली आहे, त्यांना हे कलम वाचताना जुनी ओळख पटेल.

दुसरा प्रश्न खर्चाचा. इथे थोडे थांबून सांगावे लागते. अपंग माणसाला काम करता यावे म्हणून कामाच्या जागेत, वेळेत, साधनात जो बदल करावा लागतो, त्याला आम्ही 'वाजवी फेरबदल' असा शब्द वापरतो. मालकाच्या डोळ्यासमोर लगेच लिफ्ट उभी राहते. वरच्या मजल्यावरच्या गाळ्याला लिफ्ट बसवायची म्हणजे दिवाळे! पण कायदा अवाजवी बोजा टाकायला सांगत नाही. आणि बहुतेक फेरबदलांना पैसे लागतच नाहीत. नालासोपाऱ्याहून किंवा विरारहून सकाळच्या गर्दीत कुबडी घेऊन लोकलमध्ये चढणे काय असते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. अपंगांसाठी राखीव डबा असतो खरा, पण त्यातही धडधाकट लोक घुसलेले असतात. अशा कामगाराला नऊऐवजी साडेदहाला यायला सांगितले आणि संध्याकाळी तेवढाच उशिरा सोडला, तर मालकाचा एक रुपया जात नाही. बहिऱ्या कामगारासाठी भोंग्याबरोबर एक दिवा लावला, तोंडी सूचना मोबाइलवर लिहून पाठवल्या, की झाले. दृष्टिहीनाला संगणक वाचून दाखवणारा एनव्हीडीए नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. वरच्या मजल्यावरचे पॅकिंगचे टेबल खाली आणता येते. संडासाच्या पायरीला सिमेंटचा उतार करायला एका गवंड्याचे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

आणि जो काही खर्च येईल तो कामगाराच्या माथी मारता येत नाही. केंद्राच्या २०१७ च्या नियमांत हे स्वच्छ लिहिले आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण 'तुझ्यासाठी खुर्ची आणली, पगारातून कापतो' असे म्हणणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत.

तिसरा प्रश्न अपघाताचा. उद्या काही झाले तर? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. एखाद्या कामात खरोखर धोका असेल, तर त्या कामापुरते नाही म्हणता येते. पण 'तुम्हाला जमणार नाही' हे माणूस पाहून ठरवायचे नाही, काम पाहून ठरवायचे. २० किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या ठिकाणी भेदभावाची तक्रार आली, तर प्रमुखाने एकतर कारवाई करायची किंवा आपले कारण कसे रास्त आहे ते तक्रारदाराला लेखी कळवायचे, असा नियम आहे. लेखी म्हटले की पुष्कळांचा विचार बदलतो, हा माझा क्लार्कच्या टेबलावरचा अनुभव!

एका सभेत प्रेस मशीनवाल्या एका मालकाने विचारले, "साहेब, माझ्याकडे बोट गेलेला माणूस आहे, त्याला मी काढला नाही, गेटवर बसवला. मी कायदा पाळला की मोडला?" त्याला आम्ही उलट विचारले, तो माणूस आधी काय करत होता? डाय सेट करायचा, कारागीर होता. त्याला विचारले होते का, की हाताची पकड थोडी बदलून दिली तर सेटिंगचे काम पुन्हा जमेल का? नव्हते विचारले. मालकाने दया केली होती, विचारले मात्र नव्हते. त्या सभेत पुढे अर्धा तास फक्त यावरच बोलणे झाले, आणि ते मला सर्वांत उपयोगी वाटते.

न्यायालयांनी काय म्हटले

मालकांना निवाड्यांची गोष्ट सांगितली की ती लक्षात राहते. मुंबई उच्च न्यायालयाचा २००९ चा रणजितकुमार राजक विरुद्ध स्टेट बँक हा निवाडा आम्ही नेहमी सांगतो. मूत्रपिंड बदललेला तरुण अधिकाऱ्याच्या जागेसाठी परीक्षा उत्तीर्ण झाला आणि वैद्यकीय तपासणीत त्याला अपात्र ठरवले गेले. माणूस काम करायला सक्षम असताना त्याच्या औषधपाण्याच्या खर्चाकडे बोट दाखवून नोकरी नाकारता येते का, हा प्रश्न होता. न्यायालयाने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराचा आधार घेऊन वाजवी फेरबदलाचे तत्त्व आपल्याकडेही लागू होते असे मानले. भारताने तो करार १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला होता. लक्षात घ्या, २०१६ चा कायदा तेव्हा जन्मालाही आला नव्हता.

दुसरी गोष्ट विकास कुमार यांची. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या या उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी लेखनिक हवा होता. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सांगितले की ४० टक्क्यांची अट राखीव जागांसारख्या ठरावीक लाभांसाठी आहे. वाजवी फेरबदल मागायला ती लागत नाही. टक्केवारीचा दाखला नाही म्हणून बोळवण करणाऱ्या सर्वांनी हे पाठ करून ठेवावे.

एक उणीव मात्र लपवता येत नाही. नोकरीत असताना अपंगत्व आले तर कामावरून काढायचे नाही, पद खाली आणायचे नाही, हे संरक्षण कलम २० मध्ये आहे, पण ते सरकारी आस्थापनेपुरते. कुणाल सिंग या जवानाचा पाय कापावा लागला आणि त्याला सेवेतून काढले, तेव्हा २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या कायद्यातील याच धर्तीच्या कलमाने त्याला न्याय दिला. वालीवच्या गाळ्यात बोटे गमावणाऱ्या कामगाराला ते कलम नाही. त्याच्या हातात कलम ३ आहे आणि कामगार राज्य विमा योजनेतील कायम अपंगत्वाचा लाभ आहे. या विमा योजनेचा पाया बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री असताना १९४४ च्या अदारकर अहवालाने घातला गेला. पण लाभ मिळायला कामगाराचे नाव आधी विम्यात नोंदलेले पाहिजे. ठेकेदाराकडच्या किती जणांचे असते, हे ज्याने त्याने आपल्या घरात विचारून पाहावे.

शब्द आणि पायरी

सरकारने 'अपंग' ऐवजी 'दिव्यांग' हा शब्द रूढ केला. ज्यांना तो आवडतो त्यांनी वापरावा, कायद्याच्या मराठी नावात तो आहेच. पण आम्हाला अशा गोड नावांचा अनुभव आहे. 'हरिजन' हे नाव कायद्यात घालायला विरोध म्हणून बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ साली मुंबई विधानसभेतून सभात्याग केला होता. देवाचे नाव दिले म्हणून पाणवठा खुला होत नाही. अंगात दिव्यत्व आहे म्हटल्याने संडासाची पायरी खाली येत नाही. माझ्या ओळखीच्या एका बहिऱ्या कामगाराने तर पाटीवर लिहून दाखवले, "मला दिव्य नको, दिवा पाहिजे." भोंग्याजवळचा दिवा!

या विषयाचा आपल्या समाजाशी आणखी एक थेट धागा आहे, त्याची चर्चा फार कमी होते. २१ प्रकारांत सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे रक्ताचे आजारही आहेत. सिकलसेल विदर्भातील आपल्या बौद्ध समाजात आणि पालघरच्या जव्हार-विक्रमगडकडच्या आदिवासी समाजात आढळतो. वसई-विरारला कामासाठी येणाऱ्यांत या दोन्हीकडची माणसे आहेत. असा रुग्ण दिसायला धडधाकट असतो. पाणी कमी पडले, थंडी बाधली, अतिश्रम झाले की अंगात असह्य कळा येतात. मालकाला वाटते पोरगा कामचुकार आहे, सोमवार आला की आजारी पडतो. या आजाराला सरकारी नोकरीतील ४ टक्क्यांच्या यादीत जागा मिळालेली नाही, हा अन्यायच आहे. पण कलम ३ चे संरक्षण मिळते. हाताशी पाण्याची बाटली, मधूनमधून पाच मिनिटे बसायची मुभा, दुखणे उठले तर पगार न कापता दवाखान्यात जाऊ देणे, एवढे मागायचा हक्क त्याला आहे. मागायचे कसे, तर आधी आजाराचे नाव सांगावे लागते. आणि नाव सांगितले तर काढून टाकतील, लग्न जमणार नाही, म्हणून घरातूनच तोंड दाबले जाते.

क्लार्कचे टेबल

मालकांना शिकवताना आमच्या ध्यानात आले की बहुतेक भेदभाव मालकापर्यंत पोचतच नाही. तो वॉचमनपाशी, ठेकेदारापाशी आणि आम्हा क्लार्क लोकांच्या टेबलावरच होऊन जातो. अर्जांचा गठ्ठा आला की 'अपंग' हा शब्द दिसलेला अर्ज बाजूला ठेवणारा हात कोणाचा? महाराष्ट्रात ४० टक्के किंवा अधिक कायम अपंगत्व असलेल्या व्यक्तीला व्यवसाय कर माफ आहे. तरीही दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, कारण पगारपत्रक करणाऱ्याने दाखला मागितलेला नसतो. वर्षाचे २,५०० रुपये! कमी पगाराच्या घरात हा मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च आहे. म्हणून हल्ली आम्ही आग्रह धरतो की सभेला मालकाबरोबर त्याचा क्लार्क आणि ठेकेदार आलेच पाहिजेत.

क्लार्कला करता येण्याजोगे एक ठोस काम कायद्यातच आहे. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण लिहून प्रसिद्ध करायचे असते. संकेतस्थळ नसेल तर ते दर्शनी जागी लावायचे. २० पेक्षा कमी माणसे असतील तर कोणत्या सोयी देणार एवढे लिहिले तरी चालते. २० किंवा जास्त असतील, तर कोणती कामे अपंग व्यक्ती करू शकतील, निवड कशी होईल, कोणती साधने देणार, हे लिहून एक संपर्क अधिकारीही नेमायचा. शिवाय कामावर असलेल्या अपंग व्यक्तींची नोंदवही ठेवायची. हे धोरण दोन पानांत बसते. आम्ही त्याचा मराठी नमुना तयार केला आहे आणि गाळ्यांत फुकट वाटतो. काही ठिकाणी तो लायसन्सच्या शेजारी फ्रेम करून लावलेला दिसतो. फ्रेम करून लावला म्हणजे पाळला असे नाही. पण कामगाराला बोट ठेवायला एक कागद तर झाला.

घरातल्या माणसांसाठी

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६० हजार अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्या सगळ्या कोणाच्या तरी घरात राहतात. पुष्कळ घरांत दाखला आईच्या लुगड्यांखाली ट्रंकेत असतो आणि मुलगी पंचविशीची झाली तरी 'तिला कुठे पाठवायचे' म्हणून दाराबाहेर पडलेली नसते. मालकाला शिकवणे निम्मे काम झाले. निम्मे आपल्या ओट्यावर आहे.

तेव्हा या पानाच्या वाचक भगिनींना विनंती. दाखला जुना असेल तर शासकीय रुग्णालयात तपासणी करून नवे यूडीआयडी कार्ड काढून घ्या. नोकरीचा अर्ज करताना अपंगत्व लपवू नका आणि त्याचे रडगाणेही लिहू नका. कोणते काम येते हे आधी लिहा आणि कोणता फेरबदल लागेल ते एका ओळीत नंतर लिहा. तोंडी नकार मिळाला तर तारीख, वेळ, कोण काय बोलले ते त्याच दिवशी वहीत टिपून ठेवा. मग मालकाच्या नावे साध्या मराठीत पत्र द्या. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्याला आहे, तक्रार टपालानेही जाते, आणि केंद्राच्या नियमांप्रमाणे ती ६० दिवसांत निकाली काढायची असते. प्रत्येक पत्राची दुसरी प्रत जवळ ठेवा आणि तिच्यावर पोच म्हणून शिक्का, सही व तारीख घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका. क्लार्क म्हणेल, "उद्या या." त्याला सांगा, बाकावर बसते, शिक्का मिळेपर्यंत.